गॅरेज भरलंय ते अर्धवट कामांनी; रॅक त्यानंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तळेगावात रो-हाऊस, खाली दहा बाय अठरा फुटांचं झाकलेलं पार्किंग, त्यात कार उभी राहायला हवी. वडिलांची हत्यारं दोन लोखंडी पेट्यांत आहेत. रविवार तेवढा मोकळा. आणि सध्या तिथे मोनोब्लॉक पंप (मोटर आणि पंप एकाच धडात असलेला), मिक्सर, दोन टेबल फॅन, सागवानी खुर्ची, इस्त्री, मायक्रोवेव्ह, जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि वडिलांची स्कूटर अशा नऊ वस्तू उघडून पडल्यात. रॅक कोणते घ्यावेत, शंभर तुकड्यांचा टूल किट घ्यावा का आणि वेल्डिंग मशीन घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. घरचे म्हणतात सगळं भंगारात द्या, आणि तुम्हाला ते मान्य नाही.

मी भोसरीच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलं आणि घरीही दुरुस्तीचा बाक मांडलेला आहे, त्या अनुभवावरून सांगतो. तुमची अडचण जागेची नाही. तुमच्याकडे एका वेळी फार कामं उघडी आहेत. रॅक आणलेत तर त्या नऊ वस्तू जमिनीवरून उचलून फळीवर जातील आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर आणखी चार वस्तू उघडल्या जातील.

यामागे साधा हिशोब आहे. जॉन लिटल नावाच्या संशोधकाने १९६१ साली तो गणिताने सिद्ध केला आणि कारखान्यात आजही तो रोज वापरतात: जेवढी कामं हातात आहेत त्यांना दरमहा पूर्ण होणाऱ्या कामांनी भागा, म्हणजे एक काम सरासरी किती महिने अडकून राहतं ते कळतं. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे महिन्याला एखाद-दीड काम हातावेगळं होतं. नऊ भागिले दीड, म्हणजे सहा महिने. सहा महिन्यांत उघडलेल्या वस्तूचे स्क्रू हरवतात, कोणती वायर कुठे होती ते विसरतं, पावसाळा मध्ये आला तर वाइंडिंगला, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांना, ओल धरते. मग ज्या वस्तूला एक तास पुरला असता तिला चार तास लागतात, म्हणून महिन्याला होणारी कामं आणखी घटतात. हत्यारं कितीही चांगली आणा, ही साखळी हत्यारांनी तुटत नाही. उघडी कामं दोनवर आणली की तुटते.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. पार्किंग तुमच्या मालकीचं असेल तर भिंतीला भोकं पाडा, बाक ठोका, हरकत नाही. सोसायटीच्या सामाईक जागेत हे चालणार नाही. तिथे पेट्रोल, थिनर, रंग ठेवणं तर शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. तळेगावचा पाऊस मला ठाऊक आहे, तेव्हा पार्किंगच्या तोंडाशी पाणी किती आत येतं ते बघून मगच बाकाची भिंत ठरवा. आणि खालच्या बोर्डला अर्थिंग खरंच आहे का, हे कळल्याशिवाय विजेच्या कोणत्याही कामाला हात लावू नका. सॉकेटला तिसरं भोक आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये. जुन्या बांधकामात कित्येकदा त्या भोकामागे वायरच नसते.

पहिल्या रविवारी दुरुस्ती करू नका, फक्त निवड करा. कारखान्यात फाइव्ह-एस या कामाची जागा आवरण्याच्या पद्धतीची पहिली पायरी म्हणून आम्ही लाल चिठ्ठ्या लावायचो: वस्तू लागते की नाही हे ठरत नसेल तर तिला तारीख घालून चिठ्ठी लावायची आणि बाजूला काढायची. घरी तेच करा. वस्तू तीनच ठिकाणी जाऊ शकते: बाकावर, पेटीत किंवा घराबाहेर. जमिनीवर ठेवणं हा चौथा पर्याय बंद.

तुमची यादी घेऊनच बोलू. मायक्रोवेव्ह घराबाहेर. त्यातला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे दोन हजारांच्या वर नेतो, आणि प्लग काढल्यावरही आतला वीज साठवणारा कॅपॅसिटर भरलेला राहू शकतो. छंद म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने त्याचं झाकण उघडू नये, असं माझं ठाम मत आहे. उघडलेला आहे म्हणता, तर आत हात न घालता झाकण लावा आणि अधिकृत सर्व्हिसवाल्याकडे द्या किंवा ई-कचऱ्यात. पिक्चर ट्यूबचा टीव्हीही बाहेर. त्यातही उच्च दाब असतो, काचेत शिसं असतं, आणि दुरुस्त करून पाहणार कोण? भंगारवाल्याला मात्र देऊ नका, तो ट्यूब फोडून तांबं काढतो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, त्यात उत्पादकांवर जबाबदारी आहे. नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या.

स्कूटर ही दुरुस्ती नाही, तो प्रकल्प आहे. तिची इतर आठ वस्तूंशी तुलना करू नका. वडिलांची आहे, ती राहणारच, आणि राहू द्या. पण तिला एक कोपरा द्या, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करा, प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून किक दोन-चार वेळा हाताने हळू फिरवा म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर गंजून धरणार नाहीत, चाकं जमिनीवरून उचलून लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवा, वर सुती चादर टाका. प्लॅस्टिक टाकू नका, खाली दमट हवा कोंडते. आणि बाकीचं सगळं संपेपर्यंत तिचा एकही नट सोडू नका.

उरल्या सहा: पंप, मिक्सर, दोन पंखे, खुर्ची, इस्त्री. यातल्या दोनच बाकावर. मी पंप आणि इस्त्री घेईन. पंपाशिवाय टाकी भरत नाही, आणि इस्त्री तासाभरात निकालात निघते. एखादं काम पटकन संपलं की घरच्यांचाही विश्वास बसतो, हे मी गंभीरपणे सांगतोय. बाकीच्या चार वस्तू आज पेटीत; खुर्ची तेवढी मावणार नाही, तिचे सुटे भाग आणि कागद पेटीत, ती भिंतीला टांगा.

ही पेटी म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण सगळ्या व्यवस्थेचा जीव तिच्यात आहे. झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे घ्या, ज्यात मिक्सरचं धड मावेल एवढे, आणि सगळे एकाच मापाचे, म्हणजे एकावर एक बसतात. एका पेटीत एकच वस्तू आणि तिचे सगळे सुटे भाग. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर चार गोष्टी: काय बिघडलं होतं, काय काय सोडलं, काय आणायचं आहे, आणि पुढची पहिली कृती कोणती. चौथी ओळ सगळ्यात मोलाची. ‘मिक्सर बघायचा’ असं लिहिलंत तर दोन महिन्यांनी पेटी उघडून तुम्ही पंधरा मिनिटं नुसते बघत बसाल. ‘दोन्ही कार्बन ब्रश काढून लांबी मोजायची’ असं लिहिलंत तर हात आपोआप कामाला लागतो.

मिक्सरचंच घ्या. तुम्ही म्हणता भांडं बसतं पण नीट फिरत नाही आणि जळका वास येतो. आधी भांड्याखालचा आणि मोटरवरचा असे दोन्ही कपलर, म्हणजे एकमेकांत अडकणारे दातेरी तुकडे, बघा. दात गोल झाले असतील तर मोटर फिरते, भांडं घसरतं आणि रबर जळल्याचा वास येतो. मोटरवरचा कपलर बहुतेक मिक्सरमध्ये उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे ठाऊक नसलेला माणूस नेहमीसारखा उलटा जोर लावतो आणि तो आणखी आवळतो, शेवटी शाफ्टच वाकतो. खालचं झाकण काढून मोटरचा शाफ्ट खालून धरा, वर पक्कडीने कपलर फिरवा. कपलर ठीक असेल तर कार्बन ब्रश काढा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला (आर्मेचरला) वीज पोचवणारे कार्बनचे दोन तुकडे. झिजून तिसऱ्या हिश्श्यावर आले असतील तर बदला, आणि बदलताना जोडीने. जुनेच परत बसवणार असाल तर ज्या बाजूचा होता त्याच बाजूला आणि त्याच तोंडाने, कारण त्याच्या टोकाला आर्मेचरच्या गोलाईप्रमाणे खोलगटपणा आलेला असतो. तोंड बदललं की ठिणग्या उडतात. म्हणून काढतानाच खडूने खूण करा. हे सगळं कागदावर गेलं पाहिजे. ‘कपलर: उजवीकडे फिरवून सुटतो’ एवढी ओळ सहा महिन्यांनी तुमचा शाफ्ट वाचवेल.

सुट्या भागांसाठी मी इडलीपात्राच्या जुन्या ताटल्या वापरतो. स्क्रू ज्या क्रमाने निघतात त्या क्रमाने एकेका खळग्यात. कडेला मार्करने बाण काढलाय, तिथून सुरुवात. जोडताना शेवटच्या खळग्यापासून मागे यायचं. काम मध्येच सोडावं लागलं तर प्रत्येक खळग्यातला ऐवज छोट्या पिशवीत घालून पिशवीवर आकडा टाकायचा. मोबाइलवर फोटोही काढा, पण फोटोवर विसंबू नका. वायरींचे रंग फोटोत नीट येत नाहीत, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या स्क्रूंपैकी लांब कोणता हे तर मुळीच कळत नाही. प्लॅस्टिकच्या आखूड खोबणीत लांब स्क्रू गेला की खोबण फुटली.

आता ‘काय आणायचं’ ही ओळ. कामं बहुधा एका भागासाठी अडतात, कौशल्यासाठी क्वचितच. कार्बन ब्रश नाही, एक बेअरिंग नाही, एक कॅपॅसिटर नाही. म्हणून सगळ्या पेट्यांवरचे हे भाग एकाच कागदावर उतरवा आणि महिन्यातून एकदा पुण्याची फेरी करा: विजेचं सामान तपकीर गल्लीत, हत्यारं आणि हार्डवेअर रविवार पेठेत बोहरी आळीत. जुना भाग खिशात घेऊनच जा. ‘मिक्सरचा ब्रश द्या’ म्हटलं तर दुकानदार दहा प्रकार पुढे करतो. हातात जुना असला की काम दोन मिनिटांत होतं. बेअरिंग असेल तर कडेवर कोरलेला आकडा टिपून घ्या, तो पुरेसा असतो. छताच्या पंख्यांत बऱ्याचदा ६२०१ किंवा ६२०२ निघतं. वस्तू जुन्या मॉडेलची असेल तर केंद्र सरकारचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल २४ डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे, तिथे त्या कंपनीची दुरुस्तीची माहिती आहे का ते आधी बघा. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मात्र यादीशिवाय जाऊ नका. तिथून माणूस दहावी वस्तू घेऊन येतो.

इतकं झालं की मग बाक आणि भिंत. कार उभी राहायची आहे, तेव्हा बाक मागच्या आडव्या भिंतीला, दोन फूट खोल, पाच-सहा फूट लांब. उंची ठरवताना वाईसपासून, म्हणजे काम घट्ट धरणाऱ्या लोखंडी शिकंज्यापासून, सुरुवात करा. आयटीआयमध्ये शिकवतात तो नियम अजूनही उत्तम आहे: सरळ उभं राहून कोपर दुमडलं की वाईसचा जबडा कोपराच्या पातळीला यावा. तेवढ्या उंचीवर कानस सपाट चालते, पाठ दुखत नाही. चार इंची वाईस घरच्या कामाला पुरतो. तो बाकाच्या पायाच्या बरोबर वर बोल्टने आवळा. मध्यावर लावलात तर प्रत्येक ठोक्याला बाक हलेल आणि काम बिघडेल. प्रकाशासाठी एक मोठा दिवा डोक्यावर लावू नका, आपलीच सावली हातावर पडते. दोन एलईडी बॅटन, बाकाच्या पुढच्या कडेच्या वर, एक डावीकडे एक उजवीकडे.

भिंतीवर १२ मिलिमीटर प्लायवूड, आयएस ७१० शिक्क्याचं म्हणजे पाणी सोसणारं. साधं आयएस ३०३ वालं स्वस्त पडतं, पण पार्किंगच्या भिंतीवर दुसऱ्या पावसाळ्यात फुगतं. प्लाय भिंतीला थेट चिकटवू नका, मागे इंचभर जाडीच्या पट्ट्या देऊन हवा खेळती ठेवा. हत्यारं कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात टांगा, त्याच्या वर क्वचित लागणारी. प्रत्येकाभोवती मार्करने रेघ ओढा. रात्री दिवा बंद करताना नजर टाकली की रिकामी आकृती दिसते, आणि दहा नंबरचा पाना कारखाली राहिलाय हे कार सुरू करण्याआधी कळतं.

नट-बोल्टची फार बारीक वर्गवारी करू नका. मी पाहिलंय, लोक पन्नास खणांचं कपाट घेतात आणि महिन्याभरात सगळं एका डब्यात परत येतं. बरण्या चारच पुरतात: लाकडाचे स्क्रू, यंत्राचे बोल्ट-नट, वॉशर, आणि किरकोळ. बरण्या पारदर्शक हव्यात. त्या भरून वाहायला लागल्या की मगच पाचवी.

रॅक हवेतच तर स्लॉटेड अँगलचे (भोकांच्या लोखंडी अँगलचे) घ्या, भिंतीला आवळा, सगळ्यात खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर. पार्किंग धुताना पाणी तिथपर्यंत येतंच. पण आधी पेट्या किती लागतात ते बघा. माझा अंदाज, एक रॅक पुरेल.

टूल किटबद्दल माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. शंभर तुकड्यांत साठ तर स्क्रू ड्रायव्हरची टोकंच असतात, आणि पक्कड अशी की वर्षात तिचे जबडे जुळत नाहीत. वडिलांच्या पेट्या आधी टेबलावर ओता. जुन्या पान्यांचं पोलाद बहुधा आजच्या स्वस्त किटपेक्षा सरस निघतं. पान्याचं तोंड फाकलंय का ते नव्या नटावर बसवून बघा, पक्कडीचे दात कागद धरतात का बघा, छिन्नीच्या डोक्यावर फूल उमललं असेल तर ते घासून काढा, नाहीतर ठोकताना त्याचा तुकडा उडून डोळ्यात जातो. गंजलेली हत्यारं रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासा, पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल लावू नका. हिवाळ्यात ते गोठतं आणि मळ धरून बसतं. पावसाळ्याआधी आणि नंतर असा दोनदा हा हात फिरला की गंज येत नाही.

मग जे कमी आहे तेवढंच सुटं विकत घ्या. आट्यांच्या मापाने विचार करा: ६ मिलिमीटर बोल्टच्या डोक्याला १० चा पाना, ८ ला १३ चा, १० ला बहुधा १७ चा, ५ ला ८ चा. दुचाकीसाठी १२ आणि १४ लागतात. म्हणजे ८, १०, १२, १३, १४, १७ एवढ्या सहा रिंग-पान्यांत घरातलं बहुतेक काम होतं. तपारिया नाशिकची, सहज मिळते, घरच्या कामाला उत्तम. पैसे खर्च करायचेच असतील तर व्होल्ट आणि ओहम मोजणाऱ्या मल्टीमीटरवर करा. फेज तपासायच्या टेस्टरवर जीव टांगू नका. तो पेटला नाही याचा अर्थ वीज नाही असा होत नाही.

ग्राइंडर घ्याल तर एवढं ऐका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतो. गार्ड कधीही काढायचा नाही, आणि लाकूड कापायचं दातेरी पातं त्याला कधीही लावायचं नाही. तसं लावलेलं मी सुतारांकडे रोज बघतो आणि प्रत्येक वेळी बोलतो. लाकडात ते पातं अडकलं की ग्राइंडर हातातून उसळतो, आणि त्याला थांबवायला करवतीसारखी काही सोय नसते. कापायच्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते बघा. ओल लागलेली किंवा मुदत संपलेली चकती फुटते. चष्म्यावर विसंबू नका, गॉगलच हवा.

विजेच्या वस्तूंसाठी हातमोज्यांपेक्षाही आधी दोन गोष्टी करा. बाकाला येणाऱ्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, इलेक्ट्रिशियनकडून. आणि एक सिरीज बोर्ड बनवून घ्या. जुन्या रेडिओ-मेकॅनिककडे हा असायचाच. एका लाकडी फळीवर बल्बचा होल्डर आणि सॉकेट, पण वायर अशी की सॉकेटला जाणारा फेज बल्बमधून जातो. होल्डरला १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही, कारण त्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं. दुरुस्त केलेली वस्तू पहिल्यांदा या सॉकेटला लावायची. आत शॉर्ट असेल तर सगळे २३० व्होल्ट बल्बवर पडतात, बल्ब भकभकीत पेटतो, आणि वस्तूतून अर्ध्या अँपिअरच्या आत करंट जातो. ना ठिणगी, ना धूर. टेबल फॅन ठीक असेल तर बल्ब मंद राहतो आणि पंखा हळू फिरतो.

याची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. इस्त्री किंवा मिक्सर धडधाकट असला तरी सुरू करताच हा बल्ब उजळ पेटतो, कारण त्यांचा रोध बल्बच्या मानाने फारच कमी आहे. तिथे बटण बंद असताना बल्ब पेटत नाही ना, एवढंच बघा, बाकीचं मल्टीमीटरने. तुमची इस्त्री ७५० वॉटची असेल तर डायल चालू बाजूला फिरवून प्लगच्या दोन मुख्य पिनांमध्ये साधारण ७० ओहम यायला हवेत. काहीच नाही आलं तर आधी वायर मानेजवळ वाकवून बघा, बहुतेक वेळा ती तिथेच तुटलेली असते. मग थर्मोस्टॅट, शेवटी एलिमेंट. आणि पत्रा ते अर्थची मोठी पिन यांत जवळपास शून्य ओहम हवेत, पत्रा ते बाकीच्या दोन पिना यांत काहीही नको. हे दोन आकडे जुळल्याशिवाय इस्त्री कपड्याला लावायची नाही. सिरीज बोर्डवरही वस्तूच्या पत्र्याला हात लावू नका; बल्ब करंट अडवतो, पण शॉक बसण्याइतका करंट त्यातून सहज जातो.

पंपाचं तुम्ही लिहिलंय की गुणगुणतो पण फिरत नाही. गुणगुणताना तो चालू ठेवू नका, काही सेकंदांपलीकडे गेलं की वाइंडिंग जळतं. मेन स्विच बंद करा, मागचं जाळीचं झाकण काढा आणि पंखा हाताने फिरवा. फिरत नसेल तर पंप पडून राहिल्याने इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, बहुधा कवचाला गंजून धरलंय. पुढचं कवच उघडा, रॉकेल सोडा, हलक्या हाताने सोडवा. नवं गॅस्केट आणि मेकॅनिकल सील आधीच आणून ठेवा, कारण उघडल्यावर जुनं सील बहुधा गळतं. पंखा मोकळा फिरतोय आणि तरी मोटर नुसती गुणगुणते, तर पहिला संशय कॅपॅसिटरवर. त्याची टोकं स्क्रू ड्रायव्हरने जोडून ठिणगी काढू नका. पिवळ्या बल्बच्या होल्डरच्या दोन वायर टेकवा, म्हणजे तो शांतपणे रिकामा होतो. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच आणि व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. ‘थोडा मोठा चालेल’ असं दुकानदार म्हणाला तरी घेऊ नका. पावसात भिजलेला पंप असेल तर चालू करण्याआधी वाइंडिंगवाल्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (गळती तपासायच्या मीटरने) तपासून घ्या. एक मेगओहमच्या खाली आलं तर वाळवल्याशिवाय वीज द्यायची नाही. मल्टीमीटर इथे उपयोगी नाही, त्याच्या बॅटरीचा दाब गळती उघडी पाडायला पुरत नाही.

पंप आणि इस्त्री संपले की पुढच्या दोन पेट्या उघडा. टेबल फॅन बहुधा बुशमधलं (शाफ्ट ज्यात फिरतो त्या छोट्या नळीतलं) तेल वाळल्याने अडलेत: जुना चिकट मळ रॉकेलने धुऊन शिवणयंत्राचं तेल, इतकंच. खुर्चीला घाई नको. हलणाऱ्या सांध्यांत वरून फेव्हिकॉल ओतू नका, वाळलेल्या जुन्या सरसावर ते धरत नाही. सांधा सोडवा, जुना सरस लाकूड दिसेपर्यंत खरवडा, मग नवा लावून चारही पायांभोवती सुतळीचा फेरा घाला, त्यात काठी अडकवून पीळ भरा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सोडून द्या. क्लॅम्प विकत घ्यायची गरज नाही. वेत विणायचा असेल तर तो आधी पाण्यात भिजवून मऊ करावा लागतो, कोरडा वेत तुटतो.

दर रविवारची शेवटची पंधरा मिनिटं कामाची धरू नका. त्या वेळात ताटलीतले स्क्रू पिशव्यांत, पिशव्या पेटीत, कागदावर पुढची कृती, हत्यारं आपापल्या आकृतीत, जमीन झाडलेली, कार आत. घरच्यांचा विरोध वस्तूंना नसतो, पसाऱ्याला असतो. रविवारी रात्री कार आत उभी दिसली की भंगाराची भाषा आपोआप कमी होते, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

राहिला वेल्डिंगचा प्रश्न. झाकलेल्या पार्किंगमध्ये, शेजारी पेट्रोल असलेली कार आणि स्कूटर, आणि वर घरातली माणसं झोपलेली: तिथे वेल्डिंग करू नका. ठिणगी उडून कापडात किंवा भुश्श्यात पडली तर तासाभराने पेट घेऊ शकते. यादीतल्या एकाही कामाला वेल्डिंग लागत नाही. स्कूटरला पुढे कधी लागलंच तर तो भाग काढून जवळच्या फॅब्रिकेटरकडे न्या.

पंपाच्या पाटीवरचा मजकूर, कॅपॅसिटरवरचे आकडे आणि मागचा पंखा हाताने फिरतो की नाही, एवढं बघून कळवा. त्यावरून कवच उघडायचं की नुसता कॅपॅसिटर बदलायचा ते सांगतो.